दोन डावे घोटे

आम्ही दोघं एकाच स्कूटरवरून, एकाच ठिकाणी पडलो आणि दोघांचाही डावाच घोटा मोडला. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. मग तो ते आवरतो आणि विचारतो, "चालवत कोण होतं?"

चालवत हे होते. हे म्हणजे माझे यजमान. हडपसरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, निवृत्ती जवळ आलेली, आणि बऱ्याच वर्षांचा मधुमेह. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. थंडीचे दिवस होते, रविवारची सकाळ. कसब्यात तांबट आळीत कल्हईला दिलेलं पितळी पातेलं घेऊन आम्ही धायरीला घरी परत येत होतो. मी एका बाजूला पाय सोडून मागे बसले होते, पातेल्याची पिशवी मांडीवर. सिंहगड रस्ता सोडून आत वळलो तिथे खोदकाम चाललं होतं, आणि पुढे गेलेल्या टँकरमधून पाणी सांडून मातीचा नुसता राडा झाला होता.

"हळू घ्या," मी म्हणाले.

"हळूच आहे," हे म्हणाले.

आणि खरंच हळू होते. तरी मागचं चाक सरकलं. गाडी सावरायला ह्यांनी डावा पाय टेकवला आणि सगळं वजन त्या पायावर आलं. मी उडी मारल्यासारखी खाली आले आणि माझा पाय घोट्यात आत मुडपला. पातेलं खणखणत खड्ड्यात गेलं. तो आवाज ऐकूनच समोरच्या दुकानातली माणसं धावत आली असावीत, कारण आम्ही दोघांनी तोंडातून आवाज काढलेला नव्हता.

मी ह्यांच्याकडे बघितलं. पाऊल पायाच्या रेषेत नव्हतं. बुटाचं टोक भलत्याच दिशेला बघत होतं. हे मात्र मलाच विचारत होते, "तुला लागलं का?"

"नाही हो," म्हणून मी उठायला गेले, डावा पाय टेकवला आणि होते तिथेच पुन्हा बसले.

हॉस्पिटलमध्ये आम्हाला शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं, मध्ये हिरवा पडदा. हाडांचे सर्जन तरुण होते, फार न बोलणारे. ह्यांचा पाय बघितल्याबरोबर ते म्हणाले, "काका, भुलीचं इंजेक्शन देतो, पण हे आत्ताच जागेवर आणायला हवं. पायाचा रक्तपुरवठा अडकतोय." मग पडद्याआडून एक दबका, खोल आवाज आला. ह्यांचा होता की हाडाचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

दोघांच्या पायांचे एक्स-रे फोटो निघाले. सर्जननी ते समोर लावले आणि स्टूल ओढून माझ्या खाटेशी बसले, कारण ह्यांना गुंगी होती.

"घोटा म्हणजे सुताराने केलेला सांधा समजा," ते म्हणाले. "वर दोन हाडांची चौकट आणि त्या चौकटीत खालचं हाड नेमकं बसलेलं. काकांची चौकट दोन्ही बाजूंनी तुटलीय आणि आतलं हाड बाहेर आलं होतं. ते मी बसवलंय, पण ते तिथे टिकणार नाही. धातूची पट्टी आणि स्क्रू घालावेच लागतील. फक्त सूज उतरेपर्यंत थांबायचं. सुजलेल्या कातडीवर चीर दिली तर ती मिटता मिटत नाही. त्यात त्यांना साखर."

"आणि माझं?"

"तुमचं फक्त बाहेरचं हाड मोडलंय. फारसं सरकलेलं नाही. हाडं बांधून ठेवणारे आतल्या बाजूचे बंध शाबूत असतील तर प्लास्टरमध्ये व्यवस्थित जुळेल. फाटले असतील तर हळूहळू चौकट उघडेल."

"फाटलेत का?"

"आज सांगता येत नाही. आतून सूज आहे, दाबलं की दुखतंय. पण फोटो हाडांचा निघतो, बंधांचा नाही."

मग त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. ऑपरेशन केलं तर हाड डोळ्यांनी बघून बसवता येतं, ते सरकत नाही, पाय लवकर हलवायला मिळतो. पण चीर आली, जंतू शिरण्याची भीती आली, पावलावरची एखादी नस दुखावली तर बधिरपणा राहतो, आणि पट्टी टोचायला लागली तर ती काढायला पुन्हा टेबलावर. प्लास्टरमध्ये यातलं काही नाही. पण हाड आतल्या आत सरकलं तर बाहेरून कळत नाही, म्हणून दर आठवड्याला फोटो. सरकलंच तर तेव्हा ऑपरेशन, आणि तोवर हाड चुकीच्या जागी धरायला लागलेलं, म्हणून ते जास्त अवघड.

मी सगळ्यांनी विचारावा तोच प्रश्न विचारला. "तुमच्या बायकोचा पाय असता तर?"

"तर तिनेही हाच प्रश्न विचारून मला छळलं असतं," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "आज प्लास्टर घालू. पण 'प्लास्टर घातलं, सुटलो' असं समजू नका."

ह्यांच्यापुढे पर्याय नव्हता, त्यामुळे ह्यांना काही ठरवायचंच नव्हतं. पाय उशांवर उंच ठेवायचा, सूज उतरायची वाट बघायची. पहिल्या एकदोन दिवसांत कातडीवर पाण्याचे फोड आले. सर्जन रोज येऊन कातडी बोटाने दाबून बघायचे. "सुरकुती दिसली की करू," म्हणायचे. एका सकाळी सुरकुती दिसली, आणि ह्यांना आत नेलं. बाहेरच्या बाजूला पट्टी, आतल्या बाजूला स्क्रू. सगळं सरळ पार पडलं.

आमची काळजी घ्यायला अमरावतीहून माझी थोरली नणंद आली होती. आल्या आल्या तिने हॉलमधले दोन पलंग, चार उशा आणि आमचे वर टांगल्यासारखे पाय बघितले आणि कमरेवर हात ठेवले. "दोघंही एकाच पायानं लंगडे. आता कोण कोणाले उठवन?" मग पदर खोचून स्वयंपाकघरात गेली ती उन्हाळा लागेपर्यंत तिथून फारशी हललीच नाही.

भेटायला येणारे मात्र हलत नव्हते. प्रत्येकाकडे एक घोटा होता. कोणाच्या मेहुण्याचा, कोणाच्या शेजाऱ्याचा. ऑफिसातली एक बाई म्हणाली, "प्लास्टर म्हणजे अंदाजपंचे. आजकाल सगळे पट्टीच घालतात." खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अंगात धातू घालून घेऊ नका, थंडीत ठणकतो." हे सगळं मी ऐकायची आणि ते गेल्यावर प्लास्टरमधली बोटं हलवून बघायची. आत काय चाललंय ते कळायला दुसरं काहीच साधन नव्हतं. कधी आत टोचल्यासारखं व्हायचं आणि वाटायचं, सरकलं. कधी अजिबात दुखायचं नाही आणि त्याचीही भीती वाटायची.

पहिला फोटो चांगला आला. सर्जन म्हणाले, "जागेवर आहे." मला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही, कारण पुढचा आठवडा लगेच सुरू झाला होता.

ऑपरेशनहून घरी आल्यावर ह्यांना हुरूप आला होता. एका दुपारी नणंद आत डोळे मिटून पडली होती, तेव्हा हे छताकडे बघत म्हणाले, "तूही करून घे ऑपरेशन."

"का?"

"माझा पाय आता पक्का आहे. डॉक्टरांनी बघून बसवलाय. तुझा नशिबावर सोडलाय."

"प्लास्टरवर सोडलाय."

"तेच ते."

थोड्या वेळाने हे पुन्हा म्हणाले, आणि आता आवाज वेगळा होता. "गाडी मी पाडली. उद्या तू वाकडी चालायला लागलीस तर ते मला रोज समोर दिसणार."

इतक्या दिवसांत हे आमच्यात पहिल्यांदा बोललं गेलं. मला दया यायला हवी होती. मला राग आला. "म्हणजे तुम्हाला दिसू नये म्हणून मी चीर घेऊ?"

संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दोन पलंगांमध्ये हात पोचेल इतकंच अंतर, दोघांनाही उठून जाता येत नाही, आणि अबोला. नणंदेने चहा आणला, दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाली, "पाय तुटले, तोंडं तर शाबूत हायेत ना?" तरी आम्ही गप्पच.

दुसरा फोटो त्याच आठवड्यात होता, आणि त्याच दिवशी ह्यांचं ड्रेसिंगही. दोघांनाही व्हीलचेअरवरून नेलं. माझा फोटो सर्जननी बराच वेळ बघितला. मग पहिला काढून त्याच्या शेजारी लावला.

"इथे," त्यांनी पेनाचं टोक आतल्या बाजूच्या एका काळ्या रेघेवर ठेवलं. "ही जागा मला थोडी जास्त वाटतेय."

"थोडी म्हणजे?"

"थोडी म्हणजे मला आवडलेलं नाही इतकी. पाय किंचित फिरवून काढलेल्या फोटोतही असं दिसू शकतं. पण खरंच उघडली असेल तर फार थांबता येणार नाही. परवा सकाळी मला टेबल मोकळं आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, मी सांगत होतो. पण ह्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. परिचारिकेने ह्यांचं बँडेज सोडलं होतं आणि ती सर्जनना हाक मारत होती.

बाहेरच्या चिरेची एक कड काळी पडली होती. दोन टाक्यांच्या मधून पाणी येत होतं, फिकट लालसर. सर्जन खाली वाकले, बाजूने दाबून बघितलं, आणि त्यांचा चेहरा माझा फोटो बघताना होता त्याहून गंभीर झाला. "साखर किती आहे सध्या?" त्यांनी विचारलं. नंतर तपासण्या, औषधं, रोजचं ड्रेसिंग. जंतू पट्टीपर्यंत पोचले तर पुन्हा उघडून धुवावं लागेल, कदाचित पट्टी काढावी लागेल, आणि हाड तर अजून जुळलेलं नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. शांतपणे सांगितलं म्हणूनच जास्त भीती वाटली.

घरी येताना रिक्षात नणंद आमच्या मध्ये बसली होती, दोघांच्या कुबड्या गुडघ्यांत धरून. माझ्या डोळ्यांसमोरून ती काळी कड हलत नव्हती. परवा सकाळी माझ्या पायावर तशीच चीर येणार होती. आणि नाही आली, तर आत ती रेघ रुंदावत जाणार होती.

घरी पलंगावर टेकल्यावर मी म्हणाले, "मी नाही करणार ऑपरेशन."

ह्यांनी आपला पाय उशीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "माझ्या पायाकडे बघून तुझं ठरवू नकोस."

"तुम्हीच तर त्या दुपारी तुमच्या पायाकडे बघून माझं ठरवत होतात."

"म्हणूनच सांगतोय. तेव्हाही चूकच होतं. मला साखर आहे, तुला नाही. माझी दोन हाडं, तुझं एक. माझा पाय निराळा आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "अजून कोणालातरी दाखवू. मग तू म्हणशील ते."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेठेतल्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. आम्ही म्हणजे मी आणि नणंद. हे घरी, पाय उशीवर. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करणं सोडून दिलं होतं, फक्त तपासायचे. त्यांनी दोन्ही फोटो खिडकीच्या उजेडात धरले.

"हे झोपून काढलेत ना?"

"हो."

"झोपलेल्या पायाला काम काय असतं? पायाचं काम उभं राहण्याचं. त्याला उभं करा आणि मग फोटो काढा. बंध धरून असतील तर वजन पडलं की उलट हाड चौकटीत घट्ट बसतं. फाटले असतील तर जागा उघडी पडते. मग तुमच्या सर्जनना म्हणावं, खुशाल कापा."

"मोडलेल्या पायावर उभं राहायचं?"

"हो. मोडलेल्या पायावरच. धडधाकट पायाचा फोटो काढून काय करू?"

त्यांनी तिथूनच आमच्या सर्जनना फोन लावला. दोघांचं काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. शेवटी म्हणाले, "त्यांच्याही मनात तेच होतं. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाहीत. तुम्ही घाबरला आहातच, तेव्हा आता काढून घ्या."

त्याच दुपारी प्लास्टर कापलं. करवतीसारखं यंत्र घरघरत पायावरून गेलं आणि आतून माझाच पाय निघाला. पण तो माझा वाटेना. पिवळा, वाळलेला, पोटरी ओघळलेली. फोटो काढणाऱ्या बाईंनी एक लाकडी पायरी समोर ठेवली आणि म्हणाल्या, "दोन्ही पाय यावर. वजन दोन्हीकडे सारखं. मी सांगेपर्यंत हलू नका."

नणंद शेजारी उभी राहिली. तिला शिशाचा जड एप्रन घातला होता, तो तिच्या साडीवर फारच विचित्र दिसत होता. "माह्या खांद्याले धर," ती म्हणाली. "पन भार पायावर दे, माह्यावर नाही."

मी उजवा पाय ठेवला. मग डावा. आधी नुसता टेकवला. बाई म्हणाल्या, "नाही, वजन नाही येत अजून." मी दात आवळले आणि वजन सोडलं.

दुखलं. पण मी ज्याची वाट बघत होते ते झालं नाही. काही कडकन मोडलं नाही, काही घसरलं नाही. एक जड, खोल कळ पोटरीपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. पाय थरथरत होता. नणंदेचा खांदा मी इतका घट्ट धरला की नंतर तिथे माझी बोटं उमटलेली दिसली. बाई काचेमागे गेल्या. "हलू नका." आवाज झाला. "अजून एक. बाजूने."

मग आम्ही बाहेर बाकावर बसलो. आत सर्जन फोटो बघत होते, दार बंद. समोर एक बाई कडेवरच्या पोराला बिस्किट भरवत होती आणि ते पोर माझ्या उघड्या पायाकडे टक लावून बघत होतं. मी पायावर ओढणी टाकली. मनात मी सगळी तयारी करून ठेवली होती: उद्याचं टेबल, चीर, काळी कड. उलट झालं तर काय, याचा विचारच केला नव्हता. तो करायची हिंमत नव्हती.

सर्जननी आत बोलावलं. तिसरा फोटो लावलेला होता. त्यांनी पेनाचं टोक त्याच रेघेवर ठेवलं.

"बघा. वजन टाकल्यावर वरची आणि बाजूची जागा सारखी आहे. हाड चौकटीत बसलंय. मागच्या फोटोत पाय फिरलेला असावा."

"म्हणजे?"

"म्हणजे उद्याचं टेबल मी दुसऱ्या कोणाला देतो."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण तोंडातून निघालं ते, "मग आज पुन्हा प्लास्टर?" ते पहिल्यांदाच हसले. प्लास्टर नाही, म्हणाले, घालता-काढता येणारा आधाराचा बूट, त्यात थोडं थोडं वजन टाकायचं. पण फोटो चालूच राहणार. अजून काही आठवडे शब्द देत नाही.

घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले आणि नुसती मान हलवली. मग विचारलं, "उभं राहताना फार दुखलं का?"

"दुखलं."

"आणि तू उभी राहिलीस."

"ताईंनी सोडलंच नाही."

माझं त्यानंतर सरळ होत गेलं. ह्यांचं नाही. रोज ड्रेसिंग, इन्सुलिन, आणि रोज तोच प्रश्न: पाणी कमी झालं की वाढलं? एकदा ताप आला तेव्हा नणंदेने हॉस्पिटलची पिशवी भरूनसुद्धा ठेवली. पण जंतू खोल गेले नव्हते. काळी कड सुकून गळाली, खालून लाल मांस भरत आलं, आणि ती जखम मिटली तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. मी बुटातून बाहेर येऊन ऑफिसला जाऊ लागले होते आणि हे अजून वॉकरवर होते. नणंद त्याच सुमारास अमरावतीला परत गेली. जाताना दोघांना उभं राहायला लावून पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "मले दोनी सारखेच दिसून राहिले."

सारखे मात्र नाहीत. ह्यांचा घोटा माझ्यापेक्षा जास्त वाकतो, कारण जखम भरली तसे ते व्यायामाला लागले आणि सांधा आतून नेमका बसवलेला होता. पण पावलाच्या वरच्या बाजूला कितीही चिमटे काढले तरी ह्यांना कळत नाही. माझ्या पायावर काही खूण नाही, फक्त जिना उतरताना पहिल्या एकदोन पायऱ्यांना तो आखडतो आणि मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागतो. कोणाचं बरं झालं, हे आम्ही दोघांनी कधी ठरवलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच इमारतीतली एक बाई बाथरूममध्ये घसरली. तिचा मुलगा फोटोचं पाकीट घेऊन आमच्याकडे आला. "काकू, तुम्ही दोघांनी दोन्ही केलंय. काय करू, ऑपरेशन की प्लास्टर?"

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे.

"आईला साखर आहे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही."

"आतल्या बाजूला दुखतंय का?" मी विचारलं.

ते त्याला माहीत नव्हतं. तो थोडा खट्टू झाला. मी त्याला बसवलं, चहा टाकला आणि म्हणाले, "तू ते विचारून ये. मग उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर हॉस्पिटलला. आईला उभं राहायला लागलं, तर धरायला कोणीतरी हवं."